पहिली पसंती

ब्रीडर बाईंनी पिल्लाच्या विक्रीचा करार वाचला, चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर घेतला आणि विचारलं, "मालक कोण?"

"मी," घरातली धाकटी सून म्हणाली. ती तासाभरापूर्वीच लॅबमधून अर्धी रजा टाकून आली होती. अंगावरचा पांढरा कोटही अजून उतरवला नव्हता, आणि त्या कोटाचं खालचं बटण नऊ आठवड्यांचं बीगलचं पिल्लू तिच्या मांडीवर बसून चघळत होतं. मालकीचा आणखी काय पुरावा द्यायचा?

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या आणि करारावरच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

नाव थोरल्यांचं होतं.

धाकटीने ते दोनदा वाचलं. थोरले म्हणजे तिच्या नवऱ्याचे मोठे भाऊ, पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. चार दिवसांपूर्वी पिल्लू घरात आलं तेव्हा "या घरात एक तर ते झोपेल नाहीतर मी" एवढं एकच वाक्य बोलून ते वरच्या मजल्यावर गेले होते, आणि तेव्हापासून बैठकीची खोली टाळायला मागच्या जिन्याने ये-जा करत होते. त्यांनी पिल्लाचं तोंडसुद्धा धड पाहिलं नव्हतं. आणि कागदोपत्री तेच त्याचे मालक!

"अहो, जरा बाहेर या!" तिने हाक मारली.

नवरा स्वयंपाकघरातून पक्कड हातात घेऊनच आला. लोकांचे फ्रिज दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती, आणि घरातल्या फ्रिजची मोटर गेले तीन महिने "उद्या बघतो" वर चालू होती.

"करार तुम्ही भरलात ना?"

"हो. तू ड्युटीवर होतीस म्हणून मी आणि टिकली गेलो होतो की."

"मग यावर दादांचं नाव कसं?"

त्याने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "अरेच्चा," तो म्हणाला. "सवयीनं लिहिलं गेलं गं."

सवयीनं! त्या शब्दाने धाकटीच्या मस्तकात तिडीक गेली. पण खोटं तरी कसं म्हणावं? या घराची ती सवयच होती. सासरे गेले तेव्हा थोरले वीस वर्षांचे होते आणि घरातला प्रत्येक कागद त्यांच्या नावावर झाला होता. तेव्हा ते बरोबरच होतं. पण पुढे ती खोडच लागून गेली. विजेचं मीटर त्यांच्या नावावर, पाण्याचं त्यांच्या नावावर, फोन त्यांच्या नावावर. धाकटी रोज चालवते ती स्कूटरसुद्धा त्यांच्या नावावर, आणि थोरल्यांना सायकलच्या पलीकडे काही चालवता येत नाही. कागद दिसला की या भावंडांचा हात आपोआप ते एकच नाव लिहून मोकळा व्हायचा. पुढे गच्चीवरून भांडण झालं, दोन चुली झाल्या, दोन दारं झाली, पण कागदांचं कपाट एकच राहिलं आणि त्याची किल्लीही एकच.

"बरं, मग खोडा आणि माझं लिहा," ती बाईंना म्हणाली.

"तसं होत नाही. मालकी बदलायची तर आधी पिल्लाची नोंद व्हावी लागते. नोंदीला नाव लागतं. आणि नाव कोण देणार?" बाईंनी स्वतःच उत्तर दिलं, "खरं तर मी. माझ्याकडे जन्मलेल्या पिल्लाचं नाव ठेवायचा हक्क माझा. त्यातलं पहिलं नाव माझ्या केनेलचंच, नीलकुरण, ते लागणारच. त्याच्यापुढचं नाव मी घेणाऱ्याला ठरवू देते. पण घेणारा म्हणजे करारावर ज्याचं नाव तो. गेल्या वर्षी एका घरात नवराबायकोनं दोन वेगळे अर्ज पाठवले, तेव्हापासून मी हा नियमच केला." त्यांनी घड्याळ पाहिलं. "पाचच्या आत सगळ्या पिल्लांचे अर्ज कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात द्यायचेत. अजून तीन घरं बाकी आहेत. आणि एकदा लागलेलं नाव जन्मभर बदलत नाही, हे आताच सांगून ठेवते."

"बदलत नाही," धाकटी म्हणाली. "माहीत आहे मला."

ती ज्या सुरात हे म्हणाली तो नवऱ्याच्या लक्षात यायला हवा होता. पण तो पक्कड कुठे ठेवावी या विचारात होता.

टिकलीला वर पाठवलं. टिकली धाकटीची एकुलती एक, आता एकोणीस वर्षांची आणि दारातून वाकून यावं लागेल इतकी उंच, पण लाडाचं नाव पडलं ते पडलंच. ती काकांना घेऊन येण्याआधीच थोरली जाऊ खाली हजर झाली, गळ्यात शिवणाची टेप तशीच. वरच्या मजल्यावर शिवणयंत्र चालू असलं तरी या घरातलं कुजबुजणंही तिला ऐकू जात असे.

"मी तर आधीपासून म्हणत होते, नाव हिलाच ठेवू दे," ती आल्या आल्या म्हणाली. "हौस हिची, पिल्लू हिचं. बाकीच्यांनी कशाला नाक खुपसायचं?"

धाकटीला बरं वाटलं. जावेने तिची बाजू घ्यावी हे वर्षाकाठी एकदा घडे.

"पण करार काकांच्या नावावर निघालाय," टिकली जिन्यातूनच ओरडली.

"यांच्या?" जाऊ थांबली. मग सावकाश सोफ्यावर बसली आणि टेप गळ्यातून काढून नीट गुंडाळली. "असं होय. मग जरा विचारच करायला हवा. नाही म्हणजे, मालकाच्या मानाला शोभेल असं काहीतरी हवं. राणी कसं वाटतं?"

हे बरं वाटणं मिनिटभर टिकलं. धाकटीने कपाळाला हात लावला.

थोरले आले ते स्वतःचं पेन खिशाला लावून. त्यांनी पिल्लाकडे पाहिलं नाही. खुर्ची ओढली, अर्ज घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवलेला माणूस तो, हा कसा सोडेल?

"रंगाच्या रकान्यात तिरंगी लिहिलंय. कुठले तीन?"

"काळा, पांढरा, तपकिरी," ब्रीडर बाई म्हणाल्या.

"या क्रमानं?"

"क्रम नसतो हो त्याला."

"क्रम सगळ्याला असतो," थोरले म्हणाले आणि पुढे वाचू लागले. बाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने, मी बावीस वर्षं काढली, तुम्ही दहा मिनिटं काढा, अशा नजरेने उत्तर दिलं.

"नावाच्या तीन पसंत्या मागितल्यात," थोरल्यांनी जाहीर केलं.

"हो. पहिली आधीच कुणी घेतलेली असली तर संस्था दुसरी देते, नाहीतर तिसरी."

झालं! बाजारात तुरी आणि घरात हाणामारी. तीन रकाने आहेत म्हटल्यावर प्रत्येकाला आपलं एक घुसवायचं होतं. जावेचं राणी ठरलेलंच होतं. टिकलीला बिस्किट हवं होतं, कारण कॉलेजमध्ये ती आधीच तसं सांगून बसली होती. नवरा चार दिवस त्या मादी पिल्लाला बंड्या म्हणून हाक मारत होता आणि ते येतं म्हणून खूश होता.

"बंड्या? मुलगी आहे ती," टिकली म्हणाली.

"तिला कुठं कळतंय?"

"बाबा, अर्ज वाचणाऱ्याला कळेल ना!"

"आणि बिस्किट काय नाव आहे?" जाऊ म्हणाली. "हाक मारली की भूक लागायची. राणी म्हटलं की कसं, घराला शोभा येते."

"नाव मोठं लक्षण खोटं, काकू. कालच तिनं बाबांच्या बुटात शू केलीय."

"म्हणूनच मी बंड्या म्हणतो," नवरा म्हणाला.

धाकटीकडे नाव नव्हतं असं नाही. दोन वर्षं ती या पिल्लाची वाट पाहत होती आणि नाव त्याच्याही कितीतरी आधीपासून तयार होतं. दिवसभर ती लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर लोकांची नावं चिकटवायची, रोज शंभर-दीडशे, प्रत्येक नाव दोनदा तपासून. आपण ठेवलेलं एक तरी नाव कुठल्या तरी कागदावर यावं, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी तिने पगारातून हे पिल्लू घेतलं होतं, असं कुणी म्हटलं असतं तर ती नाही म्हणाली असती. पण ते खरं होतं.

"अहो, आपण असं करू," नवऱ्याने तोडगा काढला. तोडगे काढण्यात तो पटाईत, फक्त ते नेहमी बायकोच्या वाट्याचं दुसऱ्याला देऊन निघत. "पहिली पसंती दादाची. करार त्याच्या नावावर आहे, त्याचा मान. दुसरी वहिनीची. आणि तिसरी," तो बायकोकडे पाहून हसला, "तुझी. म्हणजे कुणी नाराज नको."

"आणि मी?" टिकली म्हणाली.

"तू लहान आहेस."

"मला काही सुचवायचं नाही," थोरले म्हणाले. "पत्ता बरोबर आहे ना, एवढं मी पाहतो." मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि बायकोकडे पाहिलं. "राणी म्हणालीस ना?"

पेन पहिल्या रकान्यावर टेकलं.

"नाही!" धाकटी म्हणाली.

ती इतक्या मोठ्याने म्हणाली की पिल्लू मांडीवरून खाली उतरलं आणि थेट थोरल्यांच्या चपलेपाशी जाऊन बसलं.

"दादा, एकदा तुम्ही लिहिलंत. तेव्हा मी काही बोलले नाही. आता नाही लिहायचं."

ती थोरल्यांशी थेट बोलत नसे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "दादांना सांगा", "दादांना विचारा", असं बावीसपैकी एकोणीस वर्षं चाललं होतं, आणि त्याचीही सवय होऊन गेली होती.

थोरल्यांनी पेन उचललं. "एकदा? काय लिहिलं मी?"

"हिचं नाव." तिने टिकलीकडे बोट केलं. "मी दवाखान्यात होते. टाके होते, उठता येत नव्हतं. तुम्ही नोंदणीला निघालात. मी नाव लिहून चिठ्ठी पाठवली होती तुमच्याकडे. तुम्ही ती वाचलीत आणि तुमच्या आजीचं नाव लिहून आलात. माझं पहिलं मूल होतं, दादा. नंतर दुसरं झालंच नाही. मला एकदा विचारायचं तरी होतं, की बाई, तुझं नाव आम्हाला पसंत नाही, आम्ही दुसरं लिहितो. तेवढंही नाही!"

बोलताना तिचा आवाज चिरकला आणि तिला स्वतःचाच राग आला. एवढी वर्षं मूग गिळून बसायचं आणि शेवटी रडायचं ते एका परक्या बाईसमोर, कुत्र्याच्या अर्जावरून.

थोरल्यांनी पेनाला टोपण लावलं. "कसली चिठ्ठी?" ते म्हणाले.

"चिठ्ठी. निळ्या शाईनं लिहिलेली."

"मला कुणी चिठ्ठी दिली नाही." ते बचाव करत नव्हते. फाईल मिळत नाही हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. "नोंदणीच्या खिडकीवर कारकुनानं मला विचारलं, आईनं काय नाव सांगितलंय? मला नीट आठवतंय, कारण मी तेव्हा याच्याकडे वळून विचारलं. हा माझ्या शेजारीच उभा होता. हा म्हणाला, तूच लिही दादा, तुला वाटेल ते."

मग सगळ्यांनी धाकटीच्या नवऱ्याकडे पाहिलं.

नवरा पक्कड उघडत होता, मिटत होता. "अगं," तो म्हणाला, "आता एवढ्या जुन्या गोष्टी..."

"मी तुम्हाला विचारलं होतं," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "त्याच संध्याकाळी. चिठ्ठी दिलीत ना? तुम्ही हो म्हणालात."

"दादा इतका खुशीत होता. रस्ताभर आजीच्या गोष्टी सांगत होता. त्याला कसं सांगू की हिनं दुसरंच ठरवलंय? आणि तुला कसं सांगू की दिलीच नाही? मला वाटलं, आठवडाभरात विसरशील."

"आठवडाभरात," धाकटी म्हणाली.

एकोणीस वर्षं ती चुकीच्या माणसावर रागावली होती. या माणसाच्या ताटात तिने कधी दुसऱ्यांदा काही वाढलं नव्हतं. तिच्या हातचं काही वर जायचं ते टिकलीच्या हातून. आणि ज्याने हे केलं तो रोज तिच्या शेजारी घोरत होता! तिला हसावं की पक्कड हिसकावून घ्यावी तेच कळेना. आणि आता चार दिवसांपूर्वी पुन्हा तेच. समोर कागद, हातात पेन, बायकोचं काम, आणि याने भावाचं नाव लिहून सुटका करून घेतली. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं म्हणतात. उगाच कुत्र्याला बोल लावतात.

"मला वाटायचं, तुम्हाला मी आवडत नाही," थोरले तिला म्हणाले.

"नव्हतातच आवडत," धाकटी म्हणाली.

जाऊ तोंडावर हात धरून हसली. थोरले मात्र रागावले नाहीत. त्यांनी मान हलवली, नोंद बरोबर आहे अशी.

"साडेतीन वाजून गेले," ब्रीडर बाई पुटपुटल्या, पण त्यांनाही आता उठवत नव्हतं.

"आई," टिकली म्हणाली. ती इतका वेळ जिन्याच्या पायरीवर बसून होती. "काय नाव होतं?"

धाकटीने ते या घरात कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. "शलाका," ती म्हणाली.

टिकलीने ते एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग तिचा चेहरा फुलायच्या ऐवजी तापला. "आणि ते तू कुत्रीला देणार होतीस? मला न सांगता? एकोणीस वर्षं मी तुझ्या समोर आहे, आई! मला सांगायचं सोडून तू कागद कार्यालयात पाठवणार, आणि मी बिस्किट बिस्किट करत फिरणार. बाबांवर ओरडतेस आणि स्वतः काय केलंस?"

पोरीचं बोलणं सोळा आणे खरं होतं आणि ते धाकटीला झोंबलं. तिने टिकलीला विचारायचं मनातच आणलं नव्हतं. तिच्या हिशेबी ते नाव तिचं एकटीचं दुःख होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आता विचारते. देऊ का तिला? तू नको म्हणालीस तर नाही देणार. राणी लिहू दे मग दादांना."

टिकलीने पिल्लाकडे पाहिलं. ते थोरल्यांच्या चपलेचा अंगठा चावत होतं आणि थोरले पाय मागे घेत नव्हते.

"माझं नाव मला आवडतं," ती शेवटी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पणजीचं आहे, जुनाट आहे, पण आता माझं झालंय. तुझं तू दे तिला. पण हाक मारताना माझ्याकडे बघून उसासे सोडायचे नाहीत."

"नाही सोडणार."

थोरल्यांनी अर्ज फिरवून धाकटीसमोर ठेवला आणि त्यावर आपलं पेन ठेवलं. ते पेन त्यांनी आजवर कुणाला दिलेलं नव्हतं, हे जावेच्या भुवया वर गेल्या त्यावरून कळत होतं. "नाव तुम्ही लिहा," ते म्हणाले. "सही मी करतो."

धाकटीने लिहिलं. नळीवर लिहितात तसं, सुटं, ठसठशीत, कुणी वाचताना चुकू नये असं.

"आता दुसरी आणि तिसरी," ब्रीडर बाई म्हणाल्या. "रकाने रिकामे ठेवून चालत नाही. अर्ज परत येतो."

"दुसरी राणी लिही ना गं," जाऊ गोड आवाजात म्हणाली. "नाहीतरी पहिलंच मिळणार."

"आणि तिसरं काय, काहीही लिही," नवरा म्हणाला. आपल्यावरचं वादळ गेलं असं त्याला वाटत होतं. "बंड्या लिहिलंस तरी चालेल. तेवढीच गंमत."

धाकटीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग तिने दुसऱ्या रकान्यात शलाका लिहिलं. तिसऱ्या रकान्यात शलाका लिहिलं.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "असं आजवर कुणी केलेलं नाही."

थोरल्यांनी अर्ज ओढून घेतला. मागची बाजू पाहिली, सूचना वाचल्या, एक ते अकरा, ओळीवर बोट फिरवत. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. "तीन नावं वेगळी असावीत असं कुठं छापलेलं नाही," ते म्हणाले आणि खाली सही केली. मग बायकोकडे न पाहता म्हणाले, "पिल्लाची नोंद झाली की मालकीबदलाचा अर्ज मी स्वतः भरून देतो. आणि उद्या त्या स्कूटरचे कागदही बघू."

बाई अर्ज पिशवीत घालून लगबगीने उठल्या. नवरा त्यांना दारापर्यंत सोडायला गेला, कारण खोलीत थांबण्यापेक्षा ते सोपं होतं. उंबऱ्यावरून तो वळला.

"पण समजा," तो म्हणाला, "संस्थेनं हे नाव नाहीच म्हटलं तर?"

"तर मी जाईन तिथं," धाकटी म्हणाली. "माझ्या पायांनी. तुमच्या हाती चिठ्ठी पाठवणार नाही."